आईजवळच्या खुर्चीत

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (वाकता येत नाही, म्हणून उभ्यानेच). तुझे गुडघे काय म्हणतात? काका अजून रेडिओशी भांडतात का? इकडे आईची नजर गेली ती गेलीच, बाकी ती ठणठणीत आहे.

तुलाही माझ्यासारखं लायपोसक्शन करून चरबी काढून घ्यायचीय, तेव्हा नंतर काय काय होतं ते सविस्तर कळव, असं तू लिहिलंस. तर ऐक. शुद्धीवर यायच्या आतच अंगात एक घट्ट पोशाख चढवतात आणि तो कित्येक आठवडे काढायचा नाही. मी जन्मभर बायकांचे कपडे शिवले, पण इतका निर्दयपणे बेतलेला कपडा पाहिला नाही. जखमांतून गुलाबी पाणी झिरपतं, तेव्हा चादरी जुन्याच घाल. सूज अशी येते की टेप लावली तर माप आधीपेक्षा जास्त भरतं (दादाने विचारलं, डॉक्टरांनी काढलं की घातलं?). पडून राहायचं नाही, घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या, वजन उचलायचं नाही. आणि कातडी बधिर होते, ती बरेच दिवस. दुकानात एक टाचणी दिवसभर माझ्या कमरेत रुतून होती. गिऱ्हाइकाने दाखवली तेव्हा कळलं. स्वतःच्या पोटावर हात ठेवला तर दुसऱ्या कुणाला हात लावल्यासारखं वाटतं, आणि ते दुसरं कुणीतरी गप्प बसून असतं.

सूज उतरल्यावर मी खुशीत आईच्या कुशीत शिरले. पूर्वी तिचे हात माझ्या पाठीमागे एकमेकांना कधी भेटत नसत. या वेळी भेटले, आणि ती दचकली. आवाज ओळखीचा आहे, पण अंग आमच्या मुलीचं नाही, म्हणाली. दादाने शपथेवर सांगितलं, पण त्याच्या थापांवर आईने आजवर कधी विश्वास ठेवलाय? मला रडू आलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, परक्याचं ऐकतात तसं.

त्यानंतरचं कुठल्याच डॉक्टरने सांगितलं नव्हतं. आईच्या पलंगाजवळची वेताची खुर्ची तुला माहीत आहे, मी बसले की कुरकुरायची. आता मी बसते तर हूं की चूं करत नाही. मात्र मी स्वयंपाकघरात असले की ती कुरकुरते. दुपारी येऊन बघितलं तर वेत खाली वाकलेला आणि आई त्या बाजूला तोंड करून हसत होती. बसून पाहिलं तर जागा उबदार (दादा म्हणतो, ऊन येतं. त्या खिडकीत ऊन कधी आलंय?). परवा मी वकीलबाईंच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. लाजेने कुणाला सांगितलं नाही. घरी आले तर आई म्हणाली, आमची मुलगी येऊन सांगून गेली, खूप हसलो आम्ही. मावशी, मला भीती वाटली, पण त्याहून जास्त हेवा वाटला. माझंच नको झालेलं अंग, आणि आईजवळ ते बसतंय.

बाकी प्रकृती उत्तम. कपडे सगळे सैल होतात, त्याची तयारी ठेव.

तुझी भाची

ता. क. ऑपरेशन सध्या पुढे ढकल आणि आहेस तशी इकडे निघून ये. तू मिठी मारलीस की आई तुला ओळखेलच. तुझा शब्द ती खाली पडू देत नाही. माझा हात तिच्या हातात दे आणि ही तुझीच मुलगी आहे असं एकदा सांग.

ता. क. जमेल तितक्या लवकर ये. आता आई मला अहोजाहो करते. आज तिला भरवायला बसले, तर तिने माझा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाली, "राहू द्या हो, आमची मुलगी भरवेल. तुम्ही घरी जा, तुमची आई वाट बघत असेल."