फिका भंडारा

॥ श्री खंडेराय ॥

सोलापूर,
ता. २८ डिसेंबर १९७३

प्रिय कुंडलिक,

जोतीरामचा रामराम. आम्ही इकडं सगळे बरे आहोत. तुम्ही बरे आहात का, हे तुझ्या पत्रावरून कळलं असतं, पण तुझं पत्रच नाही. याआधी मी दोन निळी आंतरदेशीय पत्रं टाकली. ती वेळापूरला पोचली असणार. तुझ्या लेकीचा, सोजरचा पत्ता मला तिच्या लग्नापासून पाठ आहे. या वेळी मुद्दाम पाकीट घेतलं. आत काय घातलं आहे ते शेवटी सांगतो. आधी पत्र वाच.

सारजावहिनींना तिकडची हवा मानवली का? जेवण जातं का? एवढं तरी लिही.

इकडं यंदा ज्वारी कमरेला आली आहे. गेल्या साली रेशनची लाल विलायती मिलो ज्वारी दळून दळून कंटाळा आला होता. आमची रंभा म्हणते, गिरणीत अजून तोच वास येतो. मला येत नाही. गिरणीचा पट्टा मधेच तुटला, नवा घातला. तुझ्या खोलीला अजून कुलूप आहे. तुळशीला रंभा पाणी घालते.

जत्रा झाली. तू नव्हतास.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पुन्हा लिहिणार आहे. तिकडं राहून तू ते विसरायला बघतोस असं मला वाटतं. गेल्या सालच्या चंपाषष्ठीला माळावरच्या खंडोबाच्या पायरीवर तू माझ्या अंगावर भंडारा उधळलास. सदरा पिवळा झाला. रंभानं तो धुतला, उन्हात टाकला. हळदीचा डाग उन्हात उडतो हे कुठल्याही बाईला माहीत असतं. हा उडाला नाही. उन्हाळा गेला, पाऊस आला, डाग तसाच. रंभा म्हणाली, "अवो, ही हळद न्हवं. हा कापडाचा रंग हाय." मी तिला म्हणालो, देवाच्या भंडाऱ्याला असं बोलू नये. त्याच संध्याकाळी ती माझा सदरा घेऊन हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या रुद्राणीबाईंकडं गेली. माझ्यापेक्षा तिचा देवावर जास्त विश्वास असावा.

बाईंनी आपल्याला दोघांनाही शाळेत बोलावलं होतं. आठवतं ना? एका काचेच्या नळीत माझ्या गिरणीवर दळलेली हळद, दुसरीत तुझ्या पुडीतला भंडारा. बाईंनी दोन्हींत आम्ल सोडलं. दोन्ही गुलाबी झाल्या. तू हसलास, "बगा की, दोनी सारक्याच!" मग बाईंनी पाणी ओतलं. गिरणीच्या हळदीचा गुलाबी रंग गेला. तुझ्या पुडीतला गेला नाही. तेव्हा तू हसायचा थांबलास. मला वाटलं, तुला वीरभद्रप्पांचा राग आला असेल. माल त्यांच्या दुकानातून यायचा, पुड्या तू आणि वहिनी बांधायचात, पायरीजवळ बसून तू विकायचास. फसवलं गेल्याचा राग, असं मी समजलो. माझी समजूत कमी पडली.

नंतरची धावपळ आपण मिळूनच केली. दुकानादुकानांतून फिरलो. नव्या पेठेतला तो दुकानदार काय म्हणाला आठवतं? "गिरणीवाल्याचं पोट दुखतंय. लोक तयार हळद घ्यायला लागले, मग ह्याच्याकडं दळाय कोण येणार?" सगळे हसले. आपल्याला हसता आलं नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. माझं दळण कमी झालंच होतं. पण माणसाचं पोट दुखतं म्हणून रंग हळद होतो का?

तक्रार दिली. किती तरी हेलपाट्यांनंतर भेसळ खात्याचे साहेब आले, वीरभद्रप्पांच्या दुकानातलं पोतं उघडून नमुना नेला. दिवाळीला रिपोर्ट आला. रुद्राणीबाईंनी सांगितलं होतं तेच त्यात होतं. मला वाटलं, झालं. आता काय राहिलं?

राहिलं होतं ते हे. वीरभद्रप्पांच्या वकिलानं लेखी दिलं आहे की भंडारा ही खायची वस्तूच नाही. ती उधळायची वस्तू. कायदा खाण्याच्या वस्तूला लागतो, गुलालाला लागत नाही, तसा भंडाऱ्यालाही लागत नाही. आणि दुकानातली स्वयंपाकाची हळद वेगळ्या पोत्यातली, तिचा या पोत्याशी संबंध नाही. एकाच पोत्यातून दोन्ही पुड्या बांधल्या जायच्या, लाल शिक्क्याची पुडी देवळाकडं आणि हिरव्या शिक्क्याची लोकांच्या आमटीत, हे पाहिलेली माणसं दोनच. तू आणि सारजावहिनी.

म्हणून तर जत्रेच्या आधीच्या रविवारी सभामंडपात आपण सगळ्यांनी बेलभंडारा उचलला. ताट मी धरलं होतं. पहिला हात तू घातलास. "कोर्टात खरं सांगीन. मागं सरनार न्हाय." तुझा आवाज घंटेसारखा वाजला. ताटातला भंडारा कुठून आला असेल, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. नेहमीचं ताट, नेहमीचा भंडारा. ज्याच्याविरुद्ध शपथ घ्यायची, तोच हातात घेऊन आपण शपथ घेतली. आणि ताट धरणारा मी!

ते तुझ्या ध्यानात आलं. दोन दिवसांनी गिरणीच्या ओट्यावर सगळ्यांदेखत तू म्हणालास, "जोत्या, त्यो भंडारा वीरभद्रप्पाचाच व्हता की. खोट्या भंडाऱ्यावर उचलल्याली आण खोटीच. ती मला लागू न्हाय."

लोकांना काय, करमणूक झाली. दळण घेऊन आलेला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी माज्या भावकीनं बांध कोरला न्हाय म्हनून आण उचलली, तीबी गेली का पाण्यात? आरं मग माजी जमीन परत द्या की!" दुसरा म्हणाला, "कुंडलिक, बायकूला सांगू नगंस, न्हाय तर लगीनबी मोडंल." ओटा हसून हसून पडायचा राहिला. फक्त मी हसलो नाही, आणि तू.

दुसऱ्या सकाळी तुझ्या खोलीला कुलूप होतं.

त्यानंतर एकेक जण निसटला. तुझं वाक्य सगळ्यांना उपयोगी पडलं. ज्याला दुकानातून उधार हवं होतं त्याचीही शपथ खोटी ठरली, आणि ज्याला उगीच कोर्टाची पायरी नको होती त्याचीही. मला रस्त्यात भेटले की म्हणतात, "जोतीराम, आमची आण धरू नगा." जणू मी आणा गोळा करायला फिरतो. रुद्राणीबाई मात्र येणार आहेत. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून समज दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि तारखेच्या दिवसाची रजा मागितली.

जत्रेचं सांगतो. रंभानं आणि मी हळकुंडं आणून दळली, पुड्या बांधल्या आणि तुझ्याच जागेवर जाऊन बसलो. घ्या, नुसत्या खर्चाच्या भावानं घ्या, म्हटलं. लोक पुडी उघडून बघायचे आणि ठेवून द्यायचे. एक म्हातारी, कपाळभर मळवट, माझ्यावर खेकसली. "काय रं, देवाला असला फिका भंडारा? रंग कुटं हाय ह्येला? भेसळ करतूस व्हय देवाच्या दारात?" आणि शेजारच्या पाटीवरून पिवळाधमक भंडारा घेऊन ती पायऱ्या चढली. कुंडलिक, मी पायरीवरून उठून तिच्या मागं धावणार होतो. रंभानं धोतर धरून मला खाली बसवलं.

परवा वीरभद्रप्पा स्वतः गिरणीवर आले. मी त्यांना बसायला पोतं झटकून दिलं. वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. दुष्काळात त्यांनी किती घरांना दाणा दिला ते तू आणि मी पाहिलं आहे. ते म्हणाले, "नोडप्पा, बग जोतीराम, खरी हळदबी माज्या दुकानात हाय. सांग, जत्रंत ती कोन घेतंय? तूच बसून बगितलास की. लोकास्नी रंग पायजे. मी काय कुनाच्या तोंडात घालाय गेलतो?"

याला उत्तर होतं. मला देता येत होतं. पण ते उत्तर माझं नव्हतं.

आता ते लिहितो. तीन पत्रं झाली मी ते टाळतो आहे.

तुम्ही जायच्या आदल्या दिवशी सारजावहिनी गिरणीवर आल्या होत्या. डब्यात जेमतेम दोन ओंजळी ज्वारी होती. एवढ्यासाठी कोणी दळायला येत नाही, त्यांना बोलायचं आहे हे ओळखून मी गिरणी बंद केली. त्यांचे हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. नखांच्या कडा, हाताच्या रेघा, सगळं पिवळं. त्या म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्यावर रागावू नगा. पोतं उगडलं की ह्ये पयली चिमूट देवाच्या नावानं सोडायचे आन दुसरी माज्या जिभंवर ठिवायचे. लगीन झाल्यापास्नं. म्हनायचे, घरच्या लक्षुमीनं चाकला की बरकत येती. आता कोर्टात वकील इचारंल, भंडारा कोन खातंय? तवा ह्यांनी काय सांगायचं?"

मी विचारलं, "वहिनी, तुम्ही सांगाल का?"

"सांगीन की. पर आदी त्यांनी सांगू द्या. मी आदी बोलले तर ह्यो मानूस पुन्ना माज्याम्होरं त्वांड वर करायचा न्हाय."

डबा उचलून त्या गेल्या. मी दळलं होतं की नाही, हेही त्यांनी पाहिलं नाही.

लोक म्हणतात, तू वीरभद्रप्पांना भ्यालास. खोली त्यांची, जावई त्यांच्याच टेंपोवर, म्हणून पळालास. मी कोणाशी वाद घालत नाही, पण ते खरं नाही हे मला माहीत आहे. तू त्या एका प्रश्नाला भ्यालास. भंडारा कोणी खात नाही, असं जोवर कोर्ट म्हणतं आहे, तोवर तू वहिनींना काही दिलंच नाहीस, असं होतं. म्हणून तुला वकिलाचं म्हणणं बरं वाटलं.

वहिनींच्या पोटातलं दुखणं कशानं आलं हे सिव्हिलमधले डॉक्टर सांगत नाहीत. सांगता येत नाही म्हणतात. मलाही सांगता येणार नाही, आणि मी सांगणारही नाही. पण हे काम बंद करा एवढं त्यांनी सांगितलं होतं, आणि ते काम शहरात दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत दुसरी कुठली तरी बाई आज करते आहे. पाटीवरचा माल संपत नाही, त्याअर्थी करत असणारच. तिच्या जिभेवर कोण ठेवतं, मला माहीत नाही.

मी तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही देवाचं म्हणून दिलं असतं, आणि रंभानं तोंड उघडलं असतं. माझा राग वेगळा आहे. तू माझ्यापासून पळालास याचा नाही. ज्यांनी रंग कालवला त्यांना तू तुझं मौन दिलंस, आणि ते त्यांच्या वकिलाच्या कागदाहून जास्त उपयोगी पडतं आहे, याचा राग आहे.

खोट्या भंडाऱ्यावरची आण खोटी का, हे मी देवळात बसून पुष्कळ घोळवलं. गुरवाला विचारलं तर तो म्हणाला, असलं काही विचारू नका, गर्दीचे दिवस आहेत. मग मी माझ्यापुरतं ठरवलं. वहिनींच्या जिभेवरची चिमूट खोटी होती. पण ती घेताना त्या डोळे मिटायच्या. ते मिटणं खोटं नव्हतं. देवानं काही घेतलं असेल तर तेवढंच घेतलं असेल. ताटात तू हात घातलास तेव्हा तुझा आवाज खरा होता. मी जवळ उभा होतो, मी ऐकला आहे.

तारीख संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आहे. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी असेल, एस.टी.ला जागा मिळणार नाही, तेव्हा पहाटेची गाडी बघ. उतरायला आमचं घर आहे. वीरभद्रप्पांच्या खोलीत जायची गरज नाही. वहिनींना झेपत असेल तर त्यांनाही आण, रंभा वाट बघते.

पाकिटातल्या पुडीचं सांगतो. गिरणीचं जातं उघडून धुतलं, वाळवलं, मूठभर ज्वारी आधी दळून टाकून दिली, मग हळकुंडं घातली. त्यातला हा भंडारा. फिका आहे. वहिनींना देऊ नकोस, त्यांना पथ्य आहे. तू स्वतःच्या जिभेवर ठेव. कडवट लागेल, हळद तशीच लागते. त्यानंतर "मी येत नाही" एवढी एकच ओळ लिहून मला पाठव. मी पुन्हा पत्र टाकणार नाही, आणि कोणी विचारलं तर तुझी आण मोकळी झाली असं सांगीन.

ती ओळ लिहिता आली नाही, तर ये. स्टँडवर मी असेन.

ताट अजून धरून उभा असलेला,
तुझा
जोतीराम