सात सेकंदांचा तुकडा

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा नमस्कार (बसल्या जागेवरूनच, कारण वाकलं की कंबर तिथेच राहते). तुझे गुडघे कसे आहेत? काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर आता मी त्यांना बराच जाड दिसेन. तो दोष डॉक्टरांचा नाही, हे आधीच सांगून ठेव. इकडे सगळे मजेत आहेत. निदान परवाच्या बैठकीपर्यंत मीही होतो.

तू प्रोग्रामर म्हणून निवृत्त झालीस ते बरं केलंस. मध्यंतरी आमच्या साहेबांच्या लक्षात आलं की ऑफिसात एकच काम अकरा जण अकरा वेळा करतात. तारीख तपासा, फॉर्म नीट भरलाय का बघा, असले कोडचे बारीकसारीक तुकडे जो तो नव्याने लिहीत बसतो. तेव्हा ज्याच्याकडे उपयोगी तुकडा असेल त्याने तो एका सामायिक ठिकाणी ठेवावा, वर आपलं नाव घालावं आणि बाकीच्यांनी उचलावा, असं ठरलं. ज्याचा तुकडा सर्वांत जास्त उचलला जाईल त्याचं नाव पाणी प्यायच्या जागेजवळच्या फळ्यावर. (तोवर त्या फळ्यावर ‘पेले विसळून ठेवा’ एवढंच लिहिलेलं होतं.) मग काय, दानशूरांची रांगच लागली. एकाने दिलेल्या तुकड्यात फेब्रुवारी तीस दिवसांचा होता. दुसऱ्याने तुकड्यासोबत स्वतःचा पासवर्डही दान केला. तिसऱ्याने पहिल्याचाच तुकडा उचलून, नाव बदलून परत ठेवला, आणि पहिल्याने त्याचं मनापासून कौतुक केलं, कारण तो आपलाच आहे हे त्याला ओळखू आलं नाही.

माझ्याकडे देण्यासारखं काय असणार? होता तो तुझा तुकडा. आठवतं का, बारा वर्षांपूर्वी मला पहिली नोकरी लागली तेव्हा तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून तू मला लिहून दिला होतास? फॉर्म तपासायचा, काय झालं ते पडद्यावर सांगायचं, सात सेकंद थांबायचं आणि पुढे जायचं. वरती तू तीन ओळींचा शेरा लिहिला होतास. तो मी न वाचताच पुसला (ओळी लांबलचक होत्या) आणि त्या जागी माझं नाव टाकलं. याला चोरी म्हणू नकोस, घरातल्या घरात चोरी होत नाही.

मावशी, तो तुकडा असा काही उचलला गेला म्हणून सांगू! महिन्याभरात त्रेचाळीस प्रोग्रामांत. दवाखान्यांत, चष्म्यांच्या दुकानांत, वाचनालयांत. पडद्यावरचा संदेश नको म्हणून बहुतेकांनी काढून टाकला, पण थांबायच्या ओळीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. माझं नाव फळ्यावर चढलं, पेल्यांच्या वर. नव्या लोकांना शिकवायची जबाबदारी मला द्यायचं घाटू लागलं. मी जिन्यातून सावकाश चढायला लागलो.

माशी शिंकली ती चाचणीवाल्या बाईंच्या रूपाने. या बाई आमचं प्रत्येक काम बाहेर जाण्याआधी तपासतात आणि गळ्यात नुसत्या चष्म्याऐवजी चष्मा नि घड्याळ दोन्ही अडकवतात. त्या एका दातांच्या दवाखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. गाल सुजलेला माणूस नाव सांगतो, खिडकीतली बाई बटण दाबते आणि सात सेकंद कोऱ्या पडद्याकडे सगळे बघत बसतात. त्या सात-सात सेकंदांत खिडकीतल्या बाईने अर्धा स्वेटर विणून काढलाय. (मागचा भाग. बाह्या अजून बाकी आहेत.)

बाईंनी भर बैठकीत विचारलं, “हे सात सेकंद कशासाठी?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “माहिती आत नीट बसायला वेळ लागतो.”

साहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी त्याला ‘स्थिरता’ असं नाव दिलं, आणि एका उत्साही गृहस्थाने आपल्याकडे खबरदारी म्हणून दहा सेकंद केले. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या की कारण गुरुवारपर्यंत लेखी द्या, नाहीतर शिकवायचं काम दुसऱ्या कोणाला तरी देऊ. मी गुपचूप माझ्या प्रतीतून ती ओळ काढून पाहिली. प्रोग्राम बंद पडला असता तर केवढं बरं झालं असतं! उलट जोरात पळायला लागला. मला खरंच भीती वाटते आहे, मावशी. बारा वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी काही शिकवायच्या लायकीचं समजलं होतं.

काकांना नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
भाचा

ता. क. बरं, सहज आठवलं म्हणून विचारतो: सात का? बुधवारच्या आत कळव. उत्तर माझ्या तोंडचं, ‘मी’ असंच लिही, म्हणजे मला काही बदलावं लागणार नाही. मधे एखादी चूकही ठेव, नाहीतर माझं वाटणार नाही.

ता. क. २. उत्तर लिहू नकोस. धीर न निघून मी तुझ्या लेकीला फोन केला आणि तिने तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवरून मूळ तुकडा पाठवला, शेऱ्यासकट. इथे उतरवतो: “भाचा समोरचं वाचत नाही, नुसता पुढे पळतो. संदेश वाचून होईपर्यंत त्याला सात सेकंद धरून ठेवलं आहे. वाचायला शिकला की ही ओळ काढावी.”

वाचलं, मावशी. दोनदा वाचलं. म्हणजे ते गाल सुजलेले लोक इतके दिवस माझं वाचून व्हायची वाट बघत उभे आहेत.

ता. क. ३. गुरुवारी बाईंना हाच शेरा लिहून देतो, तुझ्या नावासकट. फळ्यावर पुन्हा पेलेच राहतील. फक्त एक कळव, ती ओळ आता काढू ना? तुझ्या अटीत मी बसतो की नाही, हे मला ठरवता येत नाहीये.