शिफारसकर्त्याचे निवेदन

हिंगोली,
१६ फेब्रुवारी

प्रिय प्रतिक्षा,

अनेक आशीर्वाद. फोनवर मला कोणीही मध्येच तोडू शकते. पत्रात ती सोय नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. लेखन प्राचीन पद्धतीचे असले तरी वहन अर्वाचीन आहे. तुझी ताराकाकू या पानांची छायाचित्रे काढून तुला मोबाइलवर पाठवील. पहिल्या पानाच्या कोपऱ्यातील पीतवर्णी ठसा माझा नव्हे, तुझ्या वडिलांचा. साखरा गावात सध्या हळद शिजते आहे आणि माणिकराव जेथे जातात तेथे आपली मुद्रा उमटवून येतात. परवा ते माझ्या माती परीक्षण प्रयोगशाळेत आले होते, तेव्हा हा कागद टेबलावर कोराच पडला होता.

प्रथम माझ्या जिज्ञासेचे शमन कर. ज्या देशाने बरीचशी भूमी समुद्राकडून हिसकावून घेतली, त्या नेदरलँड्समध्ये मृदाशास्त्राच्या पदवीधराला नोकरी शोधत हिंडावे लागते, हेच मुळात मला अगम्य आहे. अर्जासोबत पानभर आत्मस्तुती जोडावी लागते, असे तू सांगितलेस. प्रथमपुरुषी एकवचनात इतका वेळ टिकून राहणे आपल्याकडे केवळ निवडणुकीच्या उमेदवारांना साधते. ‘पाच वर्षांनी आपण कोठे असाल?’ असे विचारतात, हे खरे काय? पुसेगावात कोणाला हा प्रश्न केला, तर तो आधी स्वतःची नाडी तपासून पाहील. आणि मुलाखतीच्या वेळी कॉफी घेणार का म्हणतात, आपण संकोचाने ‘नको’ म्हटले, तर ते खरोखरच देत नाहीत? दुसऱ्यांदा विचारतच नाहीत? या शेवटच्या मुद्द्यावर मी गेले आठ दिवस गंभीर चिंतन करीत आहे.

तुलनेसाठी माझ्या नियुक्तीचा इतिहास सांगतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमचे तीर्थरूप मला घेऊन प्रयोगशाळेच्या तत्कालीन प्रमुखांच्या घरी गेले. माझे प्रमाणपत्र त्यांनी पिशवीतून बाहेरसुद्धा काढले नाही. हात जोडून म्हणाले, की हे आमचे लेकरू, याला काही येत न्हाई, तुमच्या हाताखाली घ्या आणि माणसात आणा. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिले, त्या वाक्यात तथ्य असल्याची खात्री करून घेतली आणि सोमवारपासून ये म्हणून सांगितले. मूल किती गुणी हे ओळखणे ऐकणाऱ्याचे काम. सांगणाऱ्याने नम्र असावे. हा संकेत माझ्या हाडात किती मुरला आहे, हे मला या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते.

आता वार्ता. तुझे वडील समोरच्या स्टुलावर बसले, चहा नको म्हणाले, मी तरीही मागवला आणि ते प्यायले. मग कप खाली ठेवून म्हणाले, “उद्धवा, पोरगी फोनवर हसून राहिली, पण बोलून न्हाई राहिली. काहून असंल?” मी म्हणालो, तिकडे थंडी फार असते. मृदाशास्त्राच्या इतिहासात इतके अशास्त्रीय उत्तर कोणी दिले नसेल. तिकडे राहून नोकरी शोधण्याच्या तुझ्या एक वर्षाच्या परवान्यातले पाच महिने उरले आहेत, तोवर नोकरी न मिळाल्यास परत यावे लागेल, हे त्यांना तू सांगितलेले नाहीस. मला सांगितलेस. त्या पहिल्या संस्थेने तीन मुलाखती घेतल्या, तुझी बसण्याची जागासुद्धा दाखवली आणि मग आठवड्याने खेदपत्र धाडले, हेही सांगितलेस. परवा ताराला तू विचारलेस, की काकू, माझं नेमकं काय कमी पडलं असंल? माझे उच्चार, माझे कपडे, की आणखी काही? प्रतिक्षा, या प्रश्नाचे उत्तर पृथ्वीच्या पाठीवर फक्त एका मनुष्याला ठाऊक आहे. तो मनुष्य दुपारी जेवून पान खातो आणि हे पत्र लिहितो.

खेदपत्रापूर्वी चार दिवस त्या संस्थेतून मला फोन आला होता. तू प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली वर्षभर काम केलेस, म्हणून शिफारसकर्ता या नात्याने माझे नाव दिले होतेस. बाई अतिशय सौजन्यशील होत्या. माझे इंग्रजी व्याकरणशुद्ध आहे, हा माझा दीर्घकालीन अभिमान. त्या दिवशी ते दुर्दैवाने अस्खलितही झाले. मुलगी कशी आहे, असे त्यांनी विचारताच माझे हात आपोआप जोडले गेले. मी सांगितले, की पोर अजून अजाण आहे, तिला फारसे काही येत नाही, पण शिकवाल तसे शिकेल. तिच्या उणिवा विचारल्या, तेव्हा उदार अंतःकरणाने म्हणालो, की पुष्कळ असतील, आपण मोठ्या आहात, चुकलेमाकले पोटात घाला. या अंतिम वाक्याचे मी शब्दशः भाषांतर केले. बाईंनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावले. हा मी आदर समजलो.

सायंकाळी हा पराक्रम ताराला साभिनय कथन केला. ती भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “तुमी तिला नोकरीला लावून राहिले होते, का नांदायला पाठवून राहिले होते?”

तिच्या एका प्रश्नाने माझे अठ्ठावीस वर्षांचे पांडित्य निकालात निघाले. दुसऱ्याच दिवशी मी त्या बाईंना सविस्तर खुलासा पाठवला. आमच्याकडे आपल्या लेकरास न्यून दाखवणे हीच त्याची स्तुती असते, वगैरे. उत्तर सौजन्याने आले: जागा भरली गेली होती. म्हणजे तुझे उच्चार ठीक होते, तुझे कपडेही ठीक होते. कमी पडले ते तुझ्यात नव्हते. हे तुला त्याच दिवशी कळवायला हवे होते. मी आठ दिवस घेतले, कारण विनोद सुचण्याची वाट पाहत होतो.

काल सामूमापक यंत्र, म्हणजे तुम्हा मुलांचे ‘पीएच मीटर’, पुसताना तुझा प्रयोगशाळेतला तिसरा महिना आठवला. पुसेगावची चुनखडीची माती आणि साखऱ्याची काळी, दोन्हींचा सामू एकाच आकड्यावर कसा येतो, असे तू विचारलेस, आणि मी तुला योगायोगावर छोटेसे प्रवचन दिले. तू ते पूर्ण ऐकून घेतलेस आणि मग यंत्र जुळवायच्या द्रावणाची बाटली माझ्यासमोर ठेवलीस. तिची मुदत वर्षापूर्वी संपली होती. अडतीस शेतकऱ्यांच्या अहवालांवर माझी सही गेलेली होती. तू सर्व नमुने पुन्हा तपासलेस, नवे अहवाल घेऊन गावोगाव गेलीस आणि प्रत्येकाला सांगितलेस की यंत्रात बिघाड होता. यंत्रात बिघाड नव्हता. परत आल्यावर मी तुला एवढेच म्हणालो, “बरं.”

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. गुरुवारी दुपारी तीन वाजता तुझ्या दुसऱ्या संस्थेकडून मला फोन येणार आहे. तू पुन्हा माझेच नाव दिलेस, कारण तुला यातले काहीच ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे. बुधवारपर्यंत नाव बदलून घे. मी मुळीच रागावणार नाही, आणि रागावलोच तर ते माझे मी पाहीन. बदलले नाहीस, तर मी बाटलीची ही हकिकत सांगणार आहे आणि शेवटी एक वाक्य, जे आठ वेळा म्हणून पाठ केले आहे: हिने माझी चूक काढली, ती बरोबर होती, आणि मी तिला तसे कधी सांगितले नाही. तारा म्हणते, शेवटचा तुकडा गाळा, त्याच्याशी त्या परक्या माणसांचे काय देणेघेणे? तिचे म्हणणे रास्त आहे. फोनवर तो गाळीन. तो तुकडा तुझा आहे.

तुझाच,
उद्धवकाका