बेंबी बसली म्हणालीस, तेव्हा

प्रिय ताई,

आज लिहायला बसले, कारण दुपारी घरमालकीण काकू जिना चढून वर आल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. आमच्यात बोलणं असं उरलंच नव्हतं. भाडंसुद्धा मी मोबाइलवरून पाठवते.

दारातच थांबून म्हणाल्या, "पोरी, सुनंच्या पोटात दुखतंय. बेंबी सरकली आसंल. बसवू का गं?"

विचार कर! अर्ध्या कुरुळी गावाच्या बेंब्या बसवणारी बाई मला विचारत होती.

तुझीही त्यांनीच बसवली होती. पोटाला तेल, बेंबीवर पेटती पणती, वर पालथा तांब्या. त्याआधी तू ते दुखणं पाळीचं ठरवलंस, मग कॅन्टीनच्या उसळीचं. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं खाली उजवीकडे उतरलं, अंगात कणकण आली, तू वाकून चालायला लागलीस. मी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचीस, "कशाला उगं? सुट्टी पडती."

आणि मग त्या सकाळी हसत म्हणालीस, "बसली बघ बेंबी! आता काहीच दुखंना. जा तू शिफ्टला."

आमच्या कंपनीत अलार्म आपोआप बंद झाला, तर मशीन सुधारलं असं कुणी धरत नाही. आधी सेन्सर तपासतात. हे मला रोज कळतं. पण तू हसत होतीस ना! अपेंडिक्स फुटलं की काही वेळ दुखणं थांबू शकतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तू आयसीयूत होतीस. तू का ऐकलं नाहीस गं?

आज मी खाली गेले. काकूंची सून रूपाली पाय पोटाशी घेऊन पडली होती. कुठे सुरू झालं, आता कुठे आहे, उलटी झाली का, पाळी चुकली आहे का, सगळं विचारलं. पोटात दुखायला शंभर कारणं असतात. गॅस असतो, मुतखडा असतो. पण वाढत जाणारं, जागा बदललेलं, सोबत ताप असलेलं दुखणं घरी ठेवायचं नसतं.

"खोकलं तरी उजवीकडं कळ येती," रूपाली म्हणाली.

"काकू, पोट चोळू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. रिक्षा बोलवा."

"आगं, निस्ता गॅस आसला तर?"

"तर डॉक्टर हसतील. हसू द्या."

गॅस नव्हता, अपेंडिक्स होतं. संध्याकाळी ऑपरेशन झालं. वेळेत आणलंत, एवढंच डॉक्टर बोलले.

दवाखान्याच्या बाकावर काकू माझ्याशेजारी बसल्या होत्या. मग माझा हात धरून विचारलं, "थोरलीचं बी ह्येच व्हतं का गं?"

खोटं बोलता आलं असतं. मी "हो" म्हणाले. मग म्हणाले, "पण दवाखाना तिनंच टाळला, काकू. मी सांगूनही." तुझी चहाडी केली, ताई. रागावू नकोस. तेही खरंच होतं.

त्या रडल्या. मी हात सोडवून घेतला नाही.

आता खोलीत परत आले आहे. तुझ्यानंतर इथे मला कुणी "कुठं दुखतंय?" असं विचारलेलं नाही. बरं नसलं की मी ताप मोजते, गोळी घेते आणि कडी लावून पडून राहते. सकाळी कंपनीत कुणी विचारलंच, तर "ठीक आहे" म्हणते. अगदी तुझ्यासारखं!

ताई, एक शब्द देते. माझं दुखलं, तर मी ते हसण्यावारी नेणार नाही. थांबलं म्हणून सुटले असं समजणार नाही. खाली जाईन, काकूंचं दार वाजवीन आणि म्हणेन, मला भीती वाटतेय, माझ्याबरोबर चला.

तुझी,
मीनू