खळ लावलेला पंख

अप्पा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ज्या गावाचं नाव तुम्ही घरात कधी धडपणे घेतलं नाही त्याच बसऱ्यात बसून मी हे लिहितोय. गिरणी सोडली, बंदरावर हमाली केली, मग बोटीवर कोळसा ओढला. एका जागी माझा पाय ठरत नाही हे तुम्ही मला चौथीतून काढलं तेव्हाच ओळखलं होतं. आता दोन वर्षं इथल्या लष्करी उडत्या होड्यांच्या शेडमध्ये पंखांचं कापड शिवतो. तुम्हाला समजावून सांगायला नको. खालून होडी, वरून विमान. चाकं नाहीत, नदीवर उतरते आणि नदीवरूनच उडते. तुमच्या वेळी तिचं पोट लाकडाचं होतं, आता पत्र्याचं आहे. पंख मात्र अजून कापडाचेच. म्हणून तर विणकराच्या पोराला इथं कोणी उभं केलं.

माझ्याकडून काल जे झालं ते लिहायचं तर आधी गल्लीतलं लिहावं लागतं. सोलापुरात आपल्या गल्लीत उजाडता उजाडता ताणा पसरायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं, त्याखाली बांबूच्या कैच्या, आणि दोन्ही अंगांनी घराघरातली माणसं कुंचे घेऊन खळ फासत चाललेली. ज्वारीच्या पिठाची ती शिजवलेली खळ, तिचा आंबूस वास दुपारपर्यंत कपड्यांतून जात नसे. ऊन चढायच्या आत सूत वाळून असं ताठ व्हायचं की बोटानं छेडलं तर वाजावं. ताणा एकाचा असला तरी हात सगळ्या गल्लीनं लावायचा, ही रीत. तुम्ही तेवढे लावत नव्हता. बसऱ्याच्या लढाईवरून आल्यापासून माग चालवायचात, कांड्या भरायचात, पण खळीचं पातेलं बाहेर आलं की तुम्ही उठून घरात. तुमच्या वाटचं आई करायची. समोरची तेलगू म्हातारी कुंचा झटकत मला विचारायची, "काय रं, तुमचा अप्पा बसऱ्याला जाऊन सायब झाला काय? हात मळतंय काय त्याचं?" आणि सगळी गल्ली हसायची. आईसुद्धा पदराआड हसायची, तिला तरी काय माहीत होतं.

मी सोळा वर्षांचा, नुकता गिरणीत लागलेला, मिसरूड फुटलेलं. मला ते हसणं झोंबायचं. एके दिवशी भर गल्लीत, हातात कुंचा तसाच धरून मी ओरडलो, "समदी गल्ली आपल्या ताण्याला राबती आन् तुमी आत बसून बिडी वडताय! खळीत हात घालायची लाज वाटती व्हय?" तुम्ही दारातून माझ्याकडं पाहिलंत आणि आत गेलात. त्या दिवशी संध्याकाळी आई दळण आणायला गेली होती. तुम्ही मला मागाच्या खड्ड्याजवळ बसवलंत. आयुष्यात तुम्ही माझ्याशी एवढं सलग बोललात ते तेव्हाच, म्हणून मला त्यातला शब्दन् शब्द आठवतो.

"हमालांच्या टोळीत हुतो मी," तुम्ही म्हणालात. "उडती व्हडी नदीतनं वर वडायची, पुन्यांदा पाण्यात ढकलायची. त्यात एक सायब बसायचा, तुज्याहून चार-पाच वर्सानं थोरला आसंल. तुरकांचे तंबू कुटं, तोफा कुटं, ते वरनं बघून कागदावर काढून आनायचा. संगं कबुतराची पेटी. काय झालं तर चिट्टी बांधून सोडायला."

मग एकदा होडीचा खालचा पंख लाकडाला लागून फाटला. शिवता कुणाला येतं, असं विचारल्यावर तुम्ही हात वर केलात. शिवण तुम्ही अशी घातलीत की जोड दिसू नये. पण कापड ढिलं. ते ताणून धरणारं रोगण संपलेलं, नवीन पिंपं घेऊन येणारी बोट खाली कुठंतरी गाळात रुतलेली, आणि सकाळी साहेबाला जायचंच होतं. तुम्हाला जे येत होतं ते तुम्ही केलंत. शिध्यातलं पीठ शिजवून खळ केलीत, गवताचा कुंचा बांधलात आणि पंखाला लावलीत. तिथल्या उन्हात कापड तासाभरात हलगीसारखं तडतडीत झालं. साहेबानं टिचकी मारून पाहिली, हसला, आणि आपल्यातला मुरांब्याचा डबा तुम्हाला दिला. सगळ्या टोळीनं बोटं चाटून खाल्ला.

"म्या रातच्याला न्हाय, सकाळी वळखलं," तुम्ही म्हणालात. "कमरंएवढ्या पाण्यात पंखाचं टोक धरून हुबा हुतो. मशीन सुरू झालं, पानी उडाया लागलं. माजा हात चिकट झाला. बगतो तर खळ. नवं लुगडं पैल्या धुन्यात कसं लुळं पडतं ते पोरीबाळींनाबी ठावं आसतं, आन् म्या ते पाण्यावरच्या पंखाला लावून बसलो हुतो. वरडावं म्हनलं. सायब समद्या टोळीदेखत शाबास म्हनला हुता. त्यानं हात वर केला, आन् समद्यांनी पंख सोडला. म्याबी सोडला."

मी विचारलं, "मग?"

"सांजच्याला कबुतर आलं. पायाला चिट्टी नव्हती. सायब आला न्हाय."

तो कशानं पडला ते कोणालाच कळलं नाही. खालून गोळी लागली असेल, मशीन बंद पडलं असेल. तुम्ही त्यातलं एकही कारण पुढं केलं नाहीत. आपला उजवा तळवा मांडीवर पुसत राहिलात, जसं काही तो अजून ओला आहे. तेव्हापासून खळीचा तो चिकटपणा हाताला सोसत नाही, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. आणि मी, सोळा वर्षांचा शहाणा, म्हणालो, "मग मानूस मारून आलोय म्हना की, सरळ."

तुम्ही "व्हय" म्हणालात. बास, एवढंच. आई दळण घेऊन आली, तिनं भाकरी थापल्या, आपण दोघं शेजारी बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बाहेर आलो तर पातेल्याशी तुम्ही बसलेले. तुम्ही कोपरापर्यंत हात खळीत घातलात आणि ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलात. म्हातारी म्हणाली, "आता कसं मानसात आलं बघा!" गल्ली खूश, आई खूश. मी जिंकलो असं मला वाटलं होतं, अप्पा. तुम्ही रोज खळ लावत राहिलात, आणि रोज काम झाल्यावर दारातल्या रांजणाशी राखेनं हात घासत बसायचात, कातडं लाल होईपर्यंत. वर्ष भरायच्या आत तुम्ही गेलात. मी तेव्हा बंदरावर होतो.

इथं रोगणाला डोप म्हणतात. पिकल्या केळ्यासारखा वास येतो, दुपारपर्यंत डोकं भणभणतं. त्यानं कापड ताणतं आणि पाण्याला भीत नाही. पण त्याचंही एक आहे. हवा दमट असली की ते धरत नाही. वर दुधासारखा पांढरा पापुद्रा येतो आणि कापड नुसतं झाकल्यासारखं दिसतं, पाण्याच्या माऱ्यानं सुटतं. म्हणून समुद्राकडचा ओला वारा सुटला की शेडची दारं लावून, शेगडी पेटवून हवा कोरडी करूनच डोप लावायचा, असा नियम. परवा तो वारा होता. पंखाला तळहाताच्या चौपट ठिगळ लावायचं होतं. माझ्यासोबत काम करणारा हैदराबादचा म्हातारा शिंपी, त्याला मी चाचा म्हणतो, तापानं पडलेला. शेडचा सार्जंट दोनदा येऊन घाई करून गेला. मी शेगडी पेटवली नाही. ठिगळ पांढरं पडलं ते मला दिसलं. त्यावर मी रुपेरी रंगाचा हात दिला, की दिसणार नाही. सार्जंटनं पाहिलं, पास केलं.

काल सकाळी होडी पाण्यात ढकलली तेव्हा पंखाचं टोक माझ्याकडं होतं. आत पाच माणसं. त्यातल्या एकानं खिडकीतून मला जीभ काढून दाखवली, नेहमी दाखवतो तशी. मशीनं सुरू झाली, पाण्याचा मारा ठिगळावर बसायला लागला, आणि माझं तोंड उघडेना. मला इंग्रजी येत नाही असं नव्हे. "स्टॉप" म्हणायला किती इंग्रजी लागतं? खूण झाली. सगळ्यांनी सोडलं. मी सोडलं.

मी धक्क्यावर बसून राहिलो. चाचा अंगावर घोंगडी घेऊन आला आणि म्हणाला, "क्या रे सोलापुरी, खाना नई खाया? किसकी बारात देखरा?" मी म्हणालो, पोट दुखतंय. तो म्हणाला, "पेट दुख्या तो आस्मान कायकू देखरा रे? पेट तो नीचे रहता." एरवी मी हसलो असतो. माझ्या डोक्यात तुम्ही होता. तुम्ही असंच कुठंतरी याच नदीच्या काठाला बसला असाल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तुमच्या शेजारी चाचासुद्धा नसेल.

दुपार कलल्यावर होडी आली. पाचही जण उतरले, तो जीभ काढणारासुद्धा. मी पंखाखाली गेलो. ठिगळाची कड चार बोटं सुटून फडफडत होती. आज जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच वर चढलो, ते उचकटलं, शेगडी पेटवून नीट लावलं. सार्जंटला सांगितलं नाही. चाचालाही नाही.

खरं तर गेली दोन वर्षं मी तुम्हाला एक वेगळंच पत्र मनात लिहीत होतो. तुमची काही चूक नव्हती, असं. मागं मी कापडाच्या एका तुकड्याला खळ लावून, वाळवून, पाण्यात धरूनही पाहिलं होतं. ते सैल पडलं, मी मोजायला सुरुवात करायच्या आत. त्यामुळं तसं लिहिता येत नाही, आणि खोटं लिहिलेलं तुम्हाला चाललं नसतं. तुमच्या पंखानं तो साहेब मेला की नाही, मला माहीत नाही. माझी होडी परत आली, तुमची आली नाही, एवढाच आपल्या दोघांत फरक आहे. त्या संध्याकाळी मी जे बोललो ते बोलण्याचा हक्क मला तेव्हाही नव्हता. हे घरी पाठवावं असं एकदा वाटलं. पण आईला वाचता येत नाही. पत्र आलं की ती गल्लीत कुणाला तरी बसवून मोठ्यानं वाचून घेते. तुम्ही तिला हे कधी सांगितलं नाहीत. मग मी कोण सांगणारा? हे माझ्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवतो.

परवा होडी पुन्हा जायची आहे. ठिगळ आता पक्कं आहे, मी चारदा हात फिरवून पाहिलं. तरी आज संध्याकाळी मी सार्जंटकडं गेलो आणि सांगितलं की पाण्यात उभं राहिलं की मला हिवताप भरतो, मला शेडच्या आतलंच काम द्या. त्यानं माझं नाव पाण्याच्या टोळीतून खोडलं. मला हिवताप वगैरे काही नाही, अप्पा.