आधी मी फिरून येतो

मस्कत,
बुधवार

प्रिय जयदेव,

पत्र बघून हसशील. हस. नववीच्या मराठीच्या पेपरात पत्राच्या प्रश्नाला तुला पैकीच्या पैकी मार्क होते आणि मी 'स.न.वि.वि.' लिहून, पुढे काय, म्हणून तुझ्या पाठीकडे बघत बसलो होतो. तुझी मान खाली आणि हात चालू. तुझं तेव्हापासून असंच आहे, मला सुचेपर्यंत तुझं करून झालेलं असतं. त्या वर्षी मी नापास झालो आणि शाळा सुटली, तू पुढे गेलास. आता आनंदनगरला औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये बसतोस, माझ्या बहिणीचा, किर्तीचा नवरा आहेस, आणि आमच्या घरात तुला जावईबापू म्हणतात. माझ्यासाठी तू जयदेवच. दुसरं काही लिहायला हात वळत नाही.

इकडे माझं ठीक आहे असं आईला सांग. हॉटेल मोठं आहे, मी किचनच्या मागे भांड्यांना असतो. बुफे संपला की सगळे ट्रे माझ्याकडे येतात. इथे दर पदार्थापुढे छोटी पाटी ठेवतात आणि पाटीवर चित्रं, शेंगदाणा, अंडं, मासा, दूध. ज्याला जे चालत नाही त्याने चित्र बघायचं आणि पुढे सरकायचं, कोणाला काही विचारायला नको. पहिल्या दिवशी मी त्या पाट्या बघत उभा राहिलो तर आमचा सुपरवायझर म्हणाला, "क्या देख रहा है, भूक लगी है क्या?" मी म्हटलं, साब, आमच्या घरी हे काम मी करायचो. त्याला काही समजलं नाही.

तुला मात्र समजेल. तू आमच्यात येण्याआधी आम्ही बाहेर जेवायला गेलो की कसं असायचं ते तू एकदाच बघितलंस, वांगणीला सुदामकाकांच्या मुलीच्या लग्नात. आमचं कुटुंब म्हणजे एकेकाचा एकेक नखरा. अण्णांना वांगं चालत नाही, घसा आतून खाजतो आणि तोंड लाल होतं. आईला कोलंबी नाही. किर्तीला अंडं नाही, म्हणजे केक पण विचारूनच. आणि किर्तीच्या सोनूला शेंगदाणा अजिबात नाही, वासाला पण लांब. पाच जणांत एकटा मी असा की ज्याला काहीच होत नाही. आई म्हणायची, "याला दगड वाढला तरी पचवेल." मग काय, हॉल कुठलाही असो, सगळे खुर्च्यांवर बसायचे आणि मी म्हणायचो, "आधी मी फिरून येतो." रिकामी डिश घेऊन पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत. वाढणाऱ्याला विचारायचं नाही, त्याला माहीत नसतं, तो म्हणतो 'सगळं चालतं'. मागे जाऊन आचाऱ्याला विचारायचं. कोशिंबिरीत कूट आहे का. पनीरच्या ग्रेव्हीत काजूच आहे की काजूच्या नावाखाली शेंगदाणा वाटलाय. एकदा बदलापूर गावात एक आचारी माझ्यावर ओरडला, "तू कोण, फूड इन्स्पेक्टर?" तर अण्णा लांबून म्हणाले, "हो, नववी नापास इन्स्पेक्टर." सगळा हॉल हसला. मी पण हसलो. मला वाईट वाटलं नव्हतं, कारण त्यानंतर अण्णांनी मी आणलेल्या डिशमधूनच जेवण केलं.

आता तीन आठवड्यांपूर्वीचं लिहितो. अण्णांच्या साठीला तू सगळ्यांना काटई रोडच्या त्या हॉटेलात बुफेला नेलंस. मी फोटो बघितले. तू ते कार्ड केलंस, कंपनीतून प्रिंट काढून, वर प्लास्टिक चढवून. चार नावं, प्रत्येकापुढे काय चालत नाही, खाल्लं तर काय होतं, खाली डॉक्टरचा नंबर. मराठीत, हिंदीत आणि इंग्लिशमध्ये. मॅनेजर स्वतः टेबलावर आला आणि कुठलं काय चालेल ते त्याने सांगितलं. किर्तीने ग्रुपवर कार्डाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचे साहेब.' दोन हृदयं पण टाकली. मी अंगठा दाखवला. तो अंगठा दाखवायला मला किती वेळ लागला ते तुला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. आईला तू ओळखतोस, तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणाली, "राजू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाहेरचं गरमागरम जेवले बघ. तू फिरून येईपर्यंत सगळं गार व्हायचं." तिने सहज म्हटलं. माझ्यावर रागवून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तू तिला आधी मावशी म्हणायचास, आता आई म्हणतोस, आणि ती तुला 'अहो जयदेव' म्हणते. माझी आई, आणि तुझ्याशी बोलताना तिचा आवाज वेगळा लागतो, पाहुण्यांसाठी वरच्या फळीवरचे कप काढते तसा.

तरी हे सगळं चाललं असतं. त्या दिवसाचा व्हिडिओ मात्र मी बघायला नको होता. अकरा सेकंदांचा आहे. सोनू डिश घेऊन उभी आहे, डिशमध्ये पुलाव, आणि ती खायच्या आधी भुवया वर करून बघते. तिची ती सवय आहे ना, तोंडाने विचारत नाही, भुवया उडवते. ती सवय माझ्यामुळे लागली. तिचा बाप गेला तेव्हा ती वर्षाची होती. किर्ती कंपनीत पॅकिंगला जायची आणि पोर माझ्याकडे. पहिला भात मी भरवला. ती भुवया उडवायची, मी मान हलवायचो, मग ती घास घ्यायची. व्हिडिओत ती भुवया उडवते आणि कॅमेऱ्याच्या बाहेरून तुझा आवाज येतो, "खा खा, चालतं." आणि ती खाते. मी ते किती वेळा बघितलं ते मोजलं नाही. तू वाईट माणूस असतास तर मी रोज तुला शिव्या घालून मोकळा झालो असतो. तू तसा पण नाहीस.

किर्तीला तुझ्याबद्दल पहिल्यांदा मीच सांगितलं होतं, हे तुला माहितीय. आनंदनगरच्या स्टॉपवर मीच तुमची ओळख करून दिली, म्हटलं हा जयदेव, आमच्या बॅचचा हुशार पोरगा. मग तुमचं लग्न झालं, किर्ती आणि सोनू कात्रपला तुझ्या फ्लॅटवर आल्या. तीन महिने मी रोज संध्याकाळी काहीतरी कारण काढून यायचो. एकदा तू दार उघडून म्हणालास, "अरे राजू, सोनू ट्यूशनला गेलीय, तू बस ना." मी बसलो. चहा घेतला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला पाहुण्याचा कप मिळालाय. पंधरा दिवसांनी मी एजंटला पासपोर्ट दिला. सगळ्यांना वाटतं मी पगारासाठी आलो. माझा एका जागी पाय टिकत नाही असं अण्णा सांगत फिरतात. तेही खरं आहे, पण सोनू पाच वर्षं माझ्या खांद्यावर होती तेव्हा टिकला होता.

गेल्या रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. पहिलंच वाक्य, "मामा, तू खोटारडा आहेस. पप्पा म्हणाले ती मुंग्यांची अंडी नसतात, ते तीळ असतात. पावावर असतात ते पण तीळ. मामा तुला येडा बनवतो म्हणाले." मागे तू हसत होतास. मग तिने सांगितलं की येत्या रविवारी तिचा आठवा वाढदिवस त्याच हॉटेलात आहे, तिथे चायनीजचा काउंटर आहे आणि तिला हनी चिली पोटॅटो खायचंय, कार्ड दाखवून मॅनेजरला आधीच विचारलंय, त्यात शेंगदाणा नाही. मी म्हटलं छान. फोन ठेवला.

जयदेव, आता जे लिहितोय ते पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे होतं. तीनदा मोबाइलवर टाइप केलं आणि तीनदा पुसलं. फोन केला तर तुझा आवाज ऐकून दुसरंच बोलतो. म्हणून पेनाने लिहितोय, संपलं की फोटो काढून लगेच तुला पाठवणार. सोनूला तीळ चालत नाहीत. शेंगदाण्यासारखेच, कदाचित जास्तच. तुझ्या कार्डात ते नाही, कारण माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

ती साडेचार-पाच वर्षांची होती, मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये कपड्याच्या दुकानात होतो. किर्तीची ड्यूटी म्हणून मी तिला दुकानावर घेऊन गेलो होतो. भोगीचा दिवस. त्याच दिवशी सिंधी लोकांची लाल लोई असते, संध्याकाळी शेकोटी करतात आणि तिळाची चिक्की वाटतात. आपल्याकडे तिळगुळात कूट असतोच, म्हणून सोनूला जन्मात कधी तिळगूळ मिळाला नव्हता. सगळी पोरं संक्रांतीला खायची आणि ही बघत बसायची. शेठच्या बायकोने डबा पुढे केला तेव्हा मी तीनदा विचारलं, भाभी, शेंगदाणा? ती म्हणाली, "बेटा, सिर्फ तिल और गुड़, मूंगफली का दाना भी नहीं है." मी चाखून पण बघितलं. मला इतका आनंद झाला की विचारू नको. म्हटलं चला, माझ्या पोरीला पहिला तिळगूळ मामाच्या हातचा. तिने भुवया उडवल्या आणि मी मान हलवली.

डॉक्टर जवळ होता म्हणून वाचली. मांडीत इंजेक्शन दिलं, दोन तास तिथेच ठेवलं. त्याने मला सरळ सांगितलं की हे तिळामुळे आहे, घरी सांगा, टेस्ट करून घ्या. घरी आलो, ओठ अजून सुजलेले होते, मी म्हटलं गांधीलमाशी चावली. आई म्हणाली, "बरं झालं, राजू बरोबर होता." त्याच्यानंतर मला सांगता आलं नाही. माझ्याकडे दुसरं होतंच काय रे. 'राजूने चाखलं म्हणजे चालतं', एवढंच एक वाक्य माझ्या नावावर होतं. मग मी एकट्याने सांभाळलं. आईला सांगितलं मला तीळ आवडत नाहीत, तेव्हापासून आपल्याकडे भोगीला बिनतिळाची भाकरी होते. मला तीळ फार आवडतात. सोनूला सांगितलं ती मुंग्यांची अंडी आहेत, म्हणून ती पावावरचे सुद्धा झटकून टाकायची. तिचा तेवढा एकच बंदोबस्त होता, तो तू रविवारी हसत हसत काढलास. तुझी चूक नाही, तू खरं बोललास.

अजून एक लिहितो, मग तू मला काय वाटेल ते म्हण. त्या कार्डाचा फोटो झूम करून मी सोनूची ओळ वाचली आणि तीळ नाहीत हे बघून मला बरं वाटलं. तीन आठवडे मी ते माझ्याकडे ठेवलं. रविवारचा फोन झाल्यावर माझ्या मनात असंही आलं की थोडंसं काहीतरी होऊ दे, फार नाही, म्हणजे सगळे म्हणतील राजू असता तर. मामा असून माझ्या मनात हे आलं. इथे ब्रेडच्या ट्रेला खाली तीळ चिकटलेले असतात, घासून निघत नाहीत, नखाने काढावे लागतात. आज सकाळी ते काढताना माझे हात थांबले आणि मी सुट्टी मागून रूमवर आलो.

तर हनी चिली पोटॅटोवर वरून तीळ टाकतात, नंतर झटकून चालत नाही. रविवारच्या आधी तिला डॉक्टरकडे ने, टेस्ट कर, जवळ ठेवायचं इंजेक्शन मिळतं ते विचार. पत्र किर्तीला वाचायला दे, तू तुझ्या शब्दांत सांगू नको, तू मला वाचवून सांगशील. ती बोलली नाही माझ्याशी तर मी समजेन. आणि एक गोष्ट कुठल्या कार्डात बसणार नाही ती नीट ऐक. सोनूला खाज सुटायच्या आधी, ओठ सुजायच्या आधी, ती गप्प होते. दिवसभर टकळी चालू असलेली पोर एकदम बोलायची थांबते आणि आपल्या अंगाला टेकून बसते. त्या दिवशी दुकानातून घरी निघालो आणि रिक्षात ती अशी मला टेकली तेव्हा मला वाटलं तिला झोप आली, आणि मी तिच्या डोक्यावर हात फिरवत पाच मिनिटं तसाच बसून राहिलो. तू तेवढा पण थांबू नको.

तुझाच,
राजू