झिऱ्याचं पाणी

१९ ऑगस्ट
जानेवारीनंतर एक ओळ नाही. चुकलंच. आप्पा गेल्यापासून वही घेऊन बसले की नुसतीच बसून राहायचे.
आप्पांनी नाल्यावर घातलेला मातीचा बांध आता सातबाऱ्यावर माझ्या नावे. काठोकाठ भरलाय. खाली पाड्याची नऊ घरं. बांधाच्या पायथ्याशी झिरा. बाया त्याला देवीचं पाणी म्हणतात, कुंकू वाहतात, तेच पितात. आज पाड्यातली रुमाबाई म्हणाली, "ताई, पानी गढूळ काब शे?" म्हटलं, पावसानं. चार दिवस पाऊस नाही.

२० ऑगस्ट
धुळ्याला सुलभाला फोन. कॉलेजची मैत्रीण, धरणांचंच काम करते. तिचं पहिलंच, "पाणी किती येतं ते नको. माती येते का ते सांग."
झिऱ्याचं पाणी काचेच्या पेल्यात धरून ठेवलं. तासाभरात तळाशी सायीएवढा थर. ती म्हणाली, बांध आतून पोखरला जातोय, बांधामागचं पाणी उतरव. "आणि झिरा बुजवू नकोस."
गेल्या चैत्रात मीच तो विटा-सिमेंटने बांधून घेतला. छोटी नळी तेवढी ठेवली. बायांचे पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून. नारळ फोडला, सगळ्यांनी कौतुक केलं. आता कोंडलेलं पाणी बाजूने वाट काढतंय. तेव्हा एका फोनचं काम होतं. केला नाही.

२१ ऑगस्ट
नानांकडे गेले. आप्पांचे धाकटे भाऊ, त्यांची केळी याच पाण्यावर. दरवर्षी ते सांडव्यात मातीच्या गोण्या रचतात, हातभर जास्त पाणी राहावं म्हणून. मला माहीत होतं. पेल्यातला थर सांगितला, गोण्या काढा म्हटलं.
"तुन्हा बापनी बांधेल शे. इतला सालमा काय व्हयनं?" मग ओट्यावरच्यांकडे बघून, "शिकेल मानूस पेलामा धरण देखस!"
सगळे हसले. मीही हसले. का?

२२ ऑगस्ट
सकाळी दोन गडी घेऊन गोण्या काढल्या. दुपारपर्यंत पाणी वीतभर उतरलं. संध्याकाळी गोण्या परत जागेवर. नाना तिथेच उभे. "केळी जळी तं तू पानी देशी का?"
तशीच घरी आले. त्यांचं सगळंच खोटं नाही. पण

२३ ऑगस्ट
पेल्यात थर जाड. झिऱ्याशेजारी नवा ओलावा, पायाखाली जमीन लिबलिबते. सुलभा म्हणते, आधी माणसं हलव. तहसिलीत अर्ज दिला, पोच घेतली. "साहेब सोमवारी."
तिथून थेट पाड्यावर. सांगायचं ठरवूनच. रुमाबाई सुपात मूग पाखडत होती. मी तोंड उघडायच्या आत तीच, "देवी कोपनी का वं ताई? उद्या सकाळे झिरापाशी नारळ फोडसूत. पोरंसोरं बठ्ठा येतीन. तू बी ये."
"येते," म्हटलं आणि उठले.
एवढंच. घरी येईपर्यंत स्वतःला समजावलं, उगाच घबराट नको. खरं ते नाही. बांध फुटायची भीती वाटते, पण त्या क्षणी माझं नाव निघेल ही भीती मोठी होती. हे लिहून ठेवते.

उद्या: नारळाच्या आधी, उजाडताच पाड्यावर जाऊन सांगणे. देवी कोपलेली नाही, बांध माझा आहे, घरं सोडा.